हुकूम कोण देणार?

पन्नास कोटी युरोपीय लोक तीस कोटी अमेरिकनांना सांगतात, आम्हाला चौदा कोटी रशियनांपासून वाचवा. हा हिशेब पोलंडचे पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी मार्च 2025 मध्ये जाहीरपणे मांडला. पैसा आहे, माणसं आहेत, आत्मविश्वास तेवढा नाही, असं त्यांचं निदान. ते मला मान्य नाही. जगाला लोकशाही, मानवी हक्क आणि पर्यावरणाचे धडे देताना युरोपचा आत्मविश्वास कधी कमी पडलेला नाही. कमी पडते ती निर्णय अंगावर घेण्याची तयारी.

युरोपीय संघाची अर्थव्यवस्था डॉलरच्या हिशेबात रशियाच्या आठ-नऊ पट आहे. विमानं, युद्धनौका, रणगाडे, पाणबुड्या, उपग्रह बनवणारे कारखाने युरोपात आहेत. तरीही व्हाइट हाउसमधून एखादं वाक्य आलं की बर्लिन, पॅरिस आणि ब्रसेल्समध्ये धावपळ उडते, तातडीच्या बैठका बसतात. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियानं युक्रेनवर चाल केल्यानंतरही हे चित्र बदललं नाही. ज्याची सुरक्षा दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, त्याला सुरक्षित म्हणत नाहीत.

जून 2025 मध्ये हेग इथं नाटोच्या 32 देशांनी ठरवलं की 2035 पर्यंत संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 5 टक्के खर्च करायचा. साडेतीन टक्के सैन्य आणि शस्त्रांवर, दीड टक्का पूल, बंदरं, सायबर सुरक्षा अशा पूरक गोष्टींवर. साडेतीन टक्क्यांमागे नाटोच्या नियोजकांचा हिशेब होता. पाचाचा आकडा मात्र डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याच वर्षी जानेवारीत मागितला होता, म्हणून आला. स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी आम्हाला 2.1 टक्के पुरतात म्हणून अंग काढून घेतलं. इटलीच्या सरकारातून मेसिनाच्या सामुद्रधुनीवरच्या नियोजित पुलाचा खर्च संरक्षणात धरण्याची भाषा झाली. सिसिलीला जोडणारा पूल इटलीला हवा असेल तर तिनं तो जरूर बांधावा. त्या पुलानं लिथुआनियाचं रक्षण होत नाही.

टक्के हा जमाखर्चाचा भाग आहे. जबाबदारी तपासायची तर तीन साधे प्रश्न विचारावे लागतात. हल्ल्याच्या रात्री हुकूम कोण देणार? तोफगोळा कोणाच्या कोठारातून येणार? खंदकात कोणाचा मुलगा उभा राहणार? हेगच्या ठरावात टक्के आहेत. या तीन प्रश्नांची युरोपची स्वतःची उत्तरं त्यात नाहीत.

हुकुमापासून सुरुवात करू. नाटोच्या युरोपातल्या सर्वोच्च सेनापतिपदावर 1951 पासून फक्त अमेरिकी अधिकारी बसत आले. पहिले होते आयझेनहॉवर. दहा वर्षांत अमेरिकी सैनिक मायदेशी परतले नाहीत तर ही सगळी योजना फसली असं समजावं, असं त्यांनीच त्या वर्षी एका पत्रात लिहिलं होतं. त्यानंतर सात दशकं उलटली आणि हजारो अमेरिकी सैनिक अजून युरोपात आहेत. याचा दोष अमेरिकेवर ढकलता येणार नाही. 1952 मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेम्बर्ग यांनी एकत्रित युरोपीय सैन्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. कल्पना फ्रान्सची होती. 30 ऑगस्ट 1954 रोजी ती गाडली फ्रान्सच्याच संसदेनं.

पुढचा इतिहास याच वळणानं गेला. 1991 मध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागला तेव्हा लक्झेम्बर्गचे परराष्ट्रमंत्री जॅक पूस यांनी ही वेळ युरोपची आहे, अमेरिकेची नाही, असं ठणकावून सांगितलं. चार वर्षांनी, जुलै 1995 मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित घोषित केलेल्या बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात काहीशे डच शांतिसैनिक हजर असताना आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. नाटोच्या बॉम्बहल्ल्यांनंतर वाटाघाटी झाल्या त्या अमेरिकेत, ओहायोतल्या डेटन शहराजवळच्या हवाई तळावर. युरोपच्या भूमीवर कत्तल झाली आणि ती थांबवण्याचा कागद तयार व्हायला अमेरिकेचा तळ लागला. ही नामुष्की एका पिढीला जागं करायला पुरेशी होती.

जाग आली ती बैठकांपुरती. 1999 मध्ये हेलसिंकीत युरोपीय संघानं ठरवलं की 2003 पर्यंत 60 हजारांची फौज 60 दिवसांत हलवता येईल अशी सज्ज ठेवायची. ती कागदावर राहिली. मग लक्ष्य उतरवून प्रत्येकी सुमारे दीड हजार सैनिकांची पथकं केली गेली. 2007 पासून ती पाळीपाळीनं सज्ज उभी असतात आणि कुठल्याही संकटात एकदाही वापरली गेलेली नाहीत. कारण ती वापरायची तर सगळ्या राजधान्यांनी हो म्हणायला हवं.

इथं खरी मेख आहे. संघाच्या परराष्ट्र आणि संरक्षण धोरणात 27 देशांचं एकमत लागतं. व्हिक्टर ओर्बान यांच्या हंगेरीनं युक्रेनसाठीच्या लष्करी मदतीचे सहा अब्जांहून अधिक युरो अडवून धरले. लोक ओर्बान यांना दोष देतात, तो योग्यच आहे. पण नकाराधिकार एक जण वापरतो आणि त्याच्या आड अनेक जण लपतात, हेही सांगायला हवं. एकट्या पंतप्रधानाला सगळ्यांचे हात बांधता येतील असा नियम टिकवून ठेवणं हा सत्तावीस सरकारांचा सामुदायिक बेजबाबदारपणा आहे. नियम बदलायचा नसेल तर ज्यांना लढायचं आहे त्या देशांनी बाहेर येऊन वेगळी फळी उभारावी. सप्टेंबर 2025 मध्ये पॅरिसला 26 देशांनी तशी तयारी दाखवली: युद्धविराम झाला तर युक्रेनच्या पाठीशी फौज किंवा साधनं देऊ. पाऊल चांगलं होतं. अडलं कुठं? अमेरिका मागं उभी राहणार का, या प्रश्नाशी. युद्ध थांबल्यावरच्या पहाऱ्यालाही वॉशिंग्टनचा आधार लागत असेल, तर युद्धाच्या दिवशी काय होईल हे सांगायला लष्करी तज्ज्ञ नको.

आता तोफगोळ्याकडे वळू. 2011 मध्ये लिबियात गडाफींच्या विरोधात नाटो उतरली. समोर एका विरळ वस्तीच्या, खिळखिळ्या देशाचं सैन्य. अकरा आठवड्यांत अनेक युरोपीय देशांचा दारूगोळा संपत आला आणि तूट अमेरिकेनं भरली, हे तेव्हाचे अमेरिकी संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी ब्रसेल्समध्ये तोंडावर सांगितलं. तो इशारा होता. 2014 मध्ये युक्रेनचा क्रिमिया रशियाच्या घशात गेला, तो दुसरा इशारा. त्यावर 2015 मध्ये युरोपातल्या बड्या ऊर्जा कंपन्यांनी रशियाच्या गाझप्रॉमशी नॉर्ड स्ट्रीम-2 वायुवाहिनीचा करार केला आणि जर्मन सरकारनं त्याला व्यापार म्हणून पाठीशी घातलं. जानेवारी 2022 मध्ये युक्रेनच्या सीमेवर रशियाचं लाखभर सैन्य जमलं तेव्हा जर्मनीनं कीव्हला देऊ केली 5 हजार शिरस्त्राणं.

मार्च 2023 मध्ये युरोपीय संघानं युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे द्यायचं वचन दिलं. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. त्याच काळात उत्तर कोरियासारख्या कंगाल देशातून रशियाला जहाजं भरून तोफगोळे जात होते. युरोपनं दहा लाखांचा आकडा पुढं गाठला, कारखानेही वाढवले. जर्मनीत उंटरल्यूस इथं राइनमेटाल कंपनीचा तोफगोळ्यांचा मोठा कारखाना ऑगस्ट 2025 मध्ये उघडला. पण उशिरा पोचलेला गोळा वेळेवर पोचलेल्या गोळ्याची जागा घेत नाही. त्या निम्म्या तुटीची किंमत युक्रेनच्या खंदकांतल्या माणसांनी मोजली आहे.

पैसा जातो कुठं, हे इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्राघी यांच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालात लख्ख लिहिलेलं आहे. जून 2022 ते जून 2023 या वर्षातल्या युरोपीय संरक्षण खरेदीचा 78 टक्के पैसा संघाबाहेरच्या पुरवठादारांकडे गेला. एकट्या अमेरिकेकडे 63 टक्के. अमेरिका एका प्रकारचा मुख्य रणगाडा चालवते, युरोपीय संघातले देश बारा प्रकारचे. बारा प्रकार म्हणजे सुट्या भागांचे बारा साठे, मेकॅनिकांची बारा प्रशिक्षणं आणि रणांगणावर एकमेकांच्या उपयोगी न पडणारी बारा कोठारं. प्रत्येक देशाला आपला कारखाना, आपले कामगार, आपला मतदारसंघ सांभाळायचा आहे. सहाव्या पिढीच्या लढाऊ विमानाची घोषणा फ्रान्स आणि जर्मनीनं 2017 मध्ये केली, पुढं स्पेनही आला. त्या प्रकल्पात दासो आणि एअरबस या कंपन्या कोणी काय बनवायचं यावर वर्षानुवर्षं भांडत राहिल्या.

या भांडणाचा परिणाम पाहायचा तर डेन्मार्कमध्ये पाहा. जानेवारी 2025 मध्ये ट्रम्प यांनी ग्रीनलँड हवं म्हणून सांगितलं आणि त्यासाठी लष्करी बळ वापरणार नाही असं आश्वासन द्यायला नकार दिला. ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे. एका सदस्यावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानणारं नाटोचं पाचवं कलम इतिहासात एकदाच लागू झालं, तेही 2001 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर अमेरिकेच्या बाजूनं. त्यानंतर अफगाणिस्तानात गेलेल्या छोट्याशा डेन्मार्कनं चाळीसहून अधिक सैनिक गमावले. युरोपनं अमेरिकेसाठी कधी काही केलं नाही, हा आरोप म्हणूनच खोटा आणि कृतघ्न आहे. पण त्याच 2025 च्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कनं आणखी 16 अमेरिकी एफ-35 विमानं घ्यायचं ठरवलं. कारण त्या तोडीचं स्वतःचं विमान युरोपकडे नाहीच. ज्याच्याकडून धोका वाटतो त्याच्याच कारखान्यातून सुटे भाग आणि सॉफ्टवेअर घ्यावं लागणं, याहून मोठी अगतिकता कोणती?

अमेरिकेनं हात आखडला तर काय होतं, त्याची झलकही मिळाली आहे. मार्च 2025 च्या पहिल्या आठवड्यात ट्रम्प यांनी युक्रेनची लष्करी मदत थांबवली, पाठोपाठ गुप्त माहिती देणंही थांबवलं. काही दिवसांत दोन्ही पुन्हा सुरू झालं. पण तेवढ्यात कळायचं ते कळलं: उपग्रहांची नजर, हवेत इंधन भरणारी टँकर विमानं, अवजड वाहतूक, लांब पल्ल्याची हवाई संरक्षण यंत्रणा यांत युरोप अमेरिकेवर अवलंबून आहे. त्याच आठवड्यात युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी 800 अब्ज युरोंची योजना जाहीर केली. त्यातले सुमारे 650 अब्ज म्हणजे सदस्य देशांना आपापल्या अंदाजपत्रकात जास्त खर्च करायची मुभा. संघानं स्वतः उभारायची रक्कम 150 अब्ज, तीही कर्जाऊ. मुभा मिळाली म्हणून कर्जात बुडालेले फ्रान्स आणि इटली खर्च करू शकतील असं नाही. जर्मनीनं मात्र त्याच महिन्यात राज्यघटना बदलून संरक्षण खर्च कर्जमर्यादेतून मोकळा केला. हा खरा निर्णय होता आणि त्याचं श्रेय दिलंच पाहिजे.

राहिला तिसरा प्रश्न, माणसाचा. तो सगळ्यात अवघड आहे, म्हणून सगळे तो शेवटी ठेवतात. युरोपची एक जुनी सवय आहे: आपल्या लढाईत दुसऱ्याचा मुलगा उभा करायचा. दोन्ही महायुद्धांत वसाहतींमधून लाखो सैनिक युरोपच्या रणांगणांवर नेले गेले. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांनी एकट्यानं मशीनगनचा मोर्चा काबीज केला आणि तिथंच त्यांना गोळी लागली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या डोंगरासाठी कोकणातल्या एका घरानं मुलगा दिला. वसाहती गेल्यावर त्या जागी अमेरिकी सैनिक आला. आज इटलीनं, स्पेननं, जर्मनीनं आपल्या पोराबाळांविषयी बोलायची पाळी आहे, आणि बोलताना त्यांचा आवाज कापतो.

शीतयुद्धाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीकडे सुमारे पाच लाखांची फौज आणि दोन हजारांहून अधिक लेपर्ड-2 रणगाडे होते. आज फौज दोन लाखांच्या आत आहे आणि ते रणगाडे तीनशेच्या आसपास. ब्रिटनचं नियमित भूदल नेपोलियनच्या काळानंतर इतकं लहान कधी नव्हतं. जर्मनीनं 2011 मध्ये सक्तीची लष्करी सेवा थांबवली. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं नवा कायदा केला तो भरती तूर्त ऐच्छिक ठेवून. अठरा वर्षांच्या मुलांना एक प्रश्नावली भरणं तेवढं बंधनकारक. सुरुवात म्हणून ठीक. पण प्रश्नावलीनं ब्रिगेड उभी राहत नाही.

हे जमतं हे दाखवणारे देश युरोपातच आहेत. फिनलंडची लोकसंख्या 56 लाख, रशियाशी सीमा 1,340 किलोमीटर. शीतयुद्ध संपल्यावर इतरांनी सैन्य मोडीत काढलं, फिनलंडनं सक्तीची सेवा सोडली नाही. युद्धकाळात त्याला 2 लाख 80 हजारांची फौज उभी करता येते आणि 48 लाख लोकांना पुरतील इतके निवारे त्यानं बांधून ठेवले आहेत. लिथुआनियानं 2015 मध्ये सक्तीची सेवा परत आणली, स्वीडननं 2017 मध्ये तसा निर्णय घेतला. पोलंड राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्क्यांहून अधिक खर्च करतो. सप्टेंबर 2025 मध्ये रशियाचे सुमारे वीस ड्रोन पोलंडच्या हद्दीत घुसले तेव्हा पोलिश विमानांबरोबर डच एफ-35 आणि इटलीचं टेहळणी विमान उडालं. मनात आणलं तर युरोप उठू शकतो, हे त्या रात्री दिसलं. स्वस्त ड्रोन पाडायला महागडी क्षेपणास्त्रं खर्ची पडली, हेही दिसलं.

आक्षेप तीन आहेत. पहिला, जर्मनी पुन्हा शस्त्रसज्ज झाली तर शेजारी घाबरतील. शेजाऱ्यांनाच विचारा. 1939 चा पहिला घाव ज्या पोलंडनं सोसला त्याचे परराष्ट्रमंत्री राडोस्वाव सिकोर्स्की यांनी 2011 मध्ये बर्लिनमध्येच सांगितलं होतं की मला जर्मनीच्या ताकदीपेक्षा तिच्या निष्क्रियतेची भीती वाटते. संदर्भ युरोच्या संकटाचा होता. आज तो संरक्षणाला जास्त लागू पडतो. मे 2025 मध्ये लिथुआनियात जर्मनीची कायमची ब्रिगेड सुरू झाली, ती लिथुआनियाला हवी होती म्हणून.

दुसरा आक्षेप, पेन्शन आणि दवाखाने बंद करून तोफा घ्यायच्या का? नाही. शीतयुद्धात पश्चिम जर्मनी तीन टक्क्यांच्या आसपास संरक्षणावर खर्च करत होती आणि त्याच काळात तिथलं कल्याणकारी राज्य भक्कम होत गेलं. दोन्ही एकत्र चालतं. त्यासाठी मतदारांसमोर जाऊन कर, कर्ज आणि प्राधान्य यांविषयी खरं बोलावं लागतं.

तिसरा आक्षेप, युक्रेनमध्ये अडकलेला रशिया नाटोवर कशाला येईल? अडकला आहे तो युक्रेनच्या सैनिकांमुळे. त्यांच्या रक्तावर मिळालेली सवलत युरोपनं आपली कमाई समजू नये. रशियाचा मित्र बेलारूस आणि रशियाचाच कॅलिनिनग्राड प्रांत यांच्यामध्ये पोलंड-लिथुआनियाची सीमा सुमारे 65 किलोमीटरच्या पट्टीतून जाते; बाल्टिक देशांना जमिनीवरून मित्रदेशांशी जोडणारा तेवढाच धागा आहे. तिथं कुमक न्यायची तर जर्मनी, पोलंडमधून रणगाडे जायला हवेत. आणि एका सदस्य देशाला लष्करी वाहतुकीची सूचना 45 दिवस आधी लागते, असं युरोपीय लेखापरीक्षकांनी 2025 मध्ये नोंदवलं. 45 दिवसांत लिथुआनिया उरणार नाही.

अण्वस्त्रांचा प्रश्नही टाळता येणार नाही. फ्रान्सकडे सुमारे 290 अस्त्रं आहेत, ब्रिटनकडे सुमारे 225. ब्रिटनची ट्रायडंट क्षेपणास्त्रं अमेरिकेशी सामायिक साठ्यातून येतात. मार्च 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी फ्रान्सचं अण्वस्त्र छत्र मित्रदेशांपर्यंत नेण्यावर चर्चा सुरू केली आणि जुलैत फ्रान्स-ब्रिटननं आपल्या अण्वस्त्र धोरणांत समन्वय ठेवायचं जाहीर केलं. इतर युरोपीय देशांनी आता या चर्चेला थेट उत्तर द्यावं.

युरोपनं अमेरिकेशी भांडावं असं मी म्हणत नाही. मैत्री राहावी, नाटो राहावी. पण मैत्री बरोबरीच्यांत टिकते. म्हणून युरोपनं तीन गोष्टींना तारीख लावावी. अमेरिकी सेनापती नसताना कोण हुकूम देणार, त्याचं नाव आणि मुख्यालय ठरवावं. रणगाडा, तोफ, ड्रोन आणि हवाई संरक्षण यांचे प्रकार कमी करून खरेदी एकत्र आणि शक्यतो युरोपात करावी. आणि प्रत्येक पंतप्रधानानं आपल्या संसदेत उभं राहून सांगावं की एस्टोनियाची राजधानी टालिन वाचवायला आमची मुलं जातील. ज्यांना हे म्हणवत नाही त्यांनी पाचव्या कलमावरची आपली सही पोकळ आहे हे कबूल करावं. युक्रेननं स्वतः उभं राहून लढायचा निर्णय एका रात्रीत घेतला. युरोपला सात दशकं मिळाली होती. हे तीन निर्णय होईपर्यंत हेगचे 5 टक्के हा नुसता खर्च आहे, संरक्षण नाही.